खंडेनवमीचा कॉम्प्युटर

१४ जुलै १९९८

आला एकदाचा! टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून. कोपरगावच्या कुठल्याशा ऑफिसात नवे घेतले, म्हणून हा जुना आमच्या शाळेला दान. इतका जुना की स्वतःच्या पोटात काही साठवत नाही. मोठी काळी फ्लॉपी समोरच्या उघड्या फटीत सरकवायची, खटका फिरवायचा, तेव्हा कुठे जागा होतो. तरी अख्खी शाळा व्हरांड्यात लोटली होती.

शिकवणार मी. कारण मे महिन्यात पुण्याला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. हेडसरांनी, म्हणजे राधाकृष्ण सरांनी, सगळ्यांसमोर खोलीची किल्ली दिली. "प्रज्ञा मॅडम, जबाबदारी तुमची. मुलांनी बघायचं. हात लावायचा नाही."

म्हणजे नुसतं दर्शन!

२१ जुलै

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांचे डबे एकमेकांत फिरतात. माझा फिरत नाही. वर्ष झालं ह्या गावात. कुणी वाकडं बोलत नाही — बोलले असते तर भांडले तरी असते! फक्त "मॅडम, तुमचं चालू द्या." आडनाव पहिल्याच दिवशी विचारून झालेलं. मग आणखी बोलायचं काय?

आजपासून कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरच्या पायरीवर जेवायचं ठरवलं. आत नाही. "आत खाण्याचे पदार्थ नेऊ नयेत" ही पाटी मीच माझ्या वळणदार अक्षरात लावली आहे. झाडलोट करणाऱ्या दगडाबाई थांबून म्हणाल्या, "बाई, यकट्याच का वं?" म्हटलं, इथे वारा चांगला लागतो.

वारा कसला. समोर कंपासपेटीएवढी सावली.

४ ऑगस्ट

युक्ती काढली. जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणायला सांगितले, त्यावर कीबोर्डच्या कळा आखून घेतल्या. नववीची चाळीस मुलं पुठ्ठ्यावर बोटं आपटतात. आवाज पत्र्यावर चिमण्या उतरल्यासारखा. स्नेहल सगळ्यात जलद — डोळे मिटून इंग्रजीत "नेम" टाईप करते, पुठ्ठ्यावर! आई-वडील ऊसतोडीला जातात, ही मावशीकडे राहून शिकते. म्हणाली, "बाई, खऱ्याला कवा हात लावायचा?"

म्हटलं, लवकर. शब्द देऊन बसले. आता निस्तरा.

२३ ऑगस्ट, रविवार

आज दिवसभरात बोललेले शब्द: "अर्धा लिटर." दूधवाल्याशी.

९ सप्टेंबर

हेडसरांना गाठलं. म्हटलं, सर, बघून कुणी सायकल शिकतं का? हसले! मग म्हणाले, चाचणीच्या गुणांची सगळ्या शाळेची यादी कॉम्प्युटरवर करून दाखवा, मग विचार करू.

क्लार्क आसाराम भाऊसाहेबांना ते आवडलं नाही. गुणपत्रकांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "आमी काय हातानं लिव्हत न्हवतो का?"

२८ सप्टेंबर

झाली यादी! शाळा सुटल्यावर रोज दोन तास. मुलांची नावं इंग्रजीत टाईप करताना कुणी तरी सोबत असल्यासारखं वाटायचं. चांगुणा, कानिफनाथ, हर्षल, प्रत्येकाला मनातल्या मनात हजर म्हणायचे. वेडेपणाच. पण खरं तेच लिहायचं.

हेडसर खूष. "परवा खंडेनवमीला मशीनची पूजा होऊ द्या. सोमवारपासून मुलांना खुशाल हात लावू द्या."

स्नेहलला सांगितलं तर पोरगी पुठ्ठा छातीशी धरून पळत सुटली.

३० सप्टेंबर, खंडेनवमी

शाळेची घंटा, तराजू, शिवणयंत्र, प्रयोगशाळेतली भिंगं, सगळं मांडून पूजा. मधोमध कॉम्प्युटर. पडद्याला झेंडूचा हार. सगळा स्टाफ अक्षता टाकत होता — एकदा, दोनदा, तीनदा. दान आलेला असला तरी पहिला कॉम्प्युटर!

मी दारात उभी. आत जायचं नव्हतं आणि निघून जाणंही जमत नव्हतं. तेवढ्यात हेडसरांच्या मिसेस, मनकर्णाकाकू, वळल्या. "अगं प्रज्ञा, अशी दारात काय उभी ऱ्हायलीस? ये की आत!"

अगं! ह्या गावात मला पहिल्यांदा कुणी अगं म्हटलं.

गेले. ताटातल्या हळदीच्या पिवळ्या अक्षता संपल्या होत्या. काकूंनी चार दाणे कुंकवात घोळवून माझ्या तळव्यावर ठेवले आणि खांद्यावर हात ठेवला. मी टाकले. हात कसा उचलला गेला, कळलंच नाही.

बाबांना सांगणार नाही.

१ ऑक्टोबर, भिंगार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात गर्दी. बाबा दरवर्षीसारखे पहिल्या रांगेत, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बावीस प्रतिज्ञा खणखणीत आवाजात म्हणत होते. देवांची पूजा न करण्याच्या पहिल्या काही प्रतिज्ञांना माझे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

बसस्टँडवर सोडायला आले. "तिथली माणसं कशी हायेत गं?" म्हटलं, चांगली आहेत. "मग चेहरा का असा?" म्हटलं, ऊन.

५ ऑक्टोबर

काय लिहू! नववीची रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत. पहिला मान स्नेहलचा. मी फ्लॉपी सरकवली, खटका फिरवला — कर्रकर्र असा आवाज. पुन्हा. पुन्हा. पडदा काळाच. स्नेहलचं बोट कळेवर तसंच. "बाई, माझ्यामुळं झालं का?"

नाही म्हटलं, शंभरदा. विश्वास बसला नाही तिचा. मागून कुणी तरी म्हणालंच, तिनं जोरात दाबलं.

६ ऑक्टोबर

हेडसरांनी किल्ली परत मागितली. "मॅडम, किल्ली तुमच्याकडे होती. काय समजायचं आम्ही?" आसाराम भाऊसाहेब कोपऱ्यातून, माझ्याकडे न बघता, "बाई तिथंच जेवत्यात की रोज. शितंबितं गेली असतील आत."

शितं! मी डब्यात भात नेतच नाही. आणि आत तर कधी जेवलेच नाही. पण वर्षभर माझ्या डब्यात कुणी डोकावलंच नाही, तर त्यांना कळणार कसं? खोलीवर येऊन रडले, सरळ सांगायचं तर. एवढं एकटं आईच्या मागेही वाटलं नव्हतं.

आता मुलांना कायमचं बंद, असं हेडसर म्हणतात. स्नेहल शाळेत आली नाही.

७ ऑक्टोबर

दगडाबाई पायरीशी येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, दसऱ्यानंतर झाडलं तवा त्या टेबलाखालनं मूठभर पिवळं तांदूळ निघालं. आतबी गेलं असतील, न्हाई का?"

अगं बाई! ती उघडी फट! तीन-तीनदा अक्षता टाकत होते सगळे!

८ ऑक्टोबर

आवाज चढवला आज, स्टाफरूममध्ये. म्हटलं, सगळ्यांसमोर उघडते, स्नेहललाही बोलवा. काय निघतं ते टेबलावर ठेवू. शिजलेलं शीत निघालं तर मी राजीनामा देते. हेडसर दचकले. "शनिवारी उघडू."

पिवळा दाणा निघणार. लिहून ठेवते. निघाला की आसाराम भाऊसाहेबांच्या वहीवर नेऊन ठेवणार, आणि एक अक्षरही बोलणार नाही. फार दिवसांनी भूक लागली.

१० ऑक्टोबर, शनिवार

उघडलं. फ्लॉपीच्या फटीत, आत, तांदळाचा एकच दाणा अडकलेला. कच्चा. अक्षता! तो काढला, पुसून फ्लॉपी लावली, कॉम्प्युटर चालू झाला. हेडसरांनी सगळ्यांसमोर किल्ली हातात दिली, "चूक आमची, मॅडम." स्नेहलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं काही नव्हतं, बाळा." सोमवारी ती पहिली. मधल्या सुट्टीत आसाराम भाऊसाहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. माझा डबा टेबलावरून फिरला, रिकामा होऊन परत आला.

दाणा पिवळा नव्हता. लाल होता. कुणाच्याच लक्षात आलं नाही.