तीन ओंजळी तीर्थ

९ नोव्हेंबर
कुलदेवीचं दर्शन घडलं. लग्न होऊन पाच महिने झाले तरी देवीच्या पायाशी आल्याशिवाय जावई घरचा होत नाही, ही आमची रीत. म्हणून लेक सुजाता, जावई संकेतराव आणि भावकी, असे बोईसरहून गाडी करून गेलो. संकेतराव कंपनीच्या कॉलनीत वाढलेले, उकळलेलं पिणारे. पाण्याच्या खोकाभर बाटल्या बरोबर. कुंडाचं पाणी ओंजळीत घेऊन नुसतेच उभे. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आमच्या तान्ह्या जावयाला हे सोसणार नाही. बोंडल्यानं दूध पाजा." भावकी खदखदून हसली. त्यांनी तीन ओंजळी घेतल्या. मी पाच. मन भरून आलं.

७ डिसेंबर
सुजाताचा फोन. संकेतरावांना चार दिवस ताप, उलट्या. विहीणबाई म्हणतात प्रवासच बाधला. देवाच्या दारचा प्रवास बाधत नसतो, असं म्हणून फोन ठेवला.

१० डिसें.
डोळे पिवळे. कामावरची पहिली पाळी संपवून तसाच कॉलनीत गेलो. विहीणबाई दवाखान्याचं म्हणत होत्या, मी अडवलं. आमच्या घरात कावीळ माळेवरच गेलेली. वाणगावच्या पुढे एका पाड्यावर म्हातारी माळ देते, तिथे नेलं. मुळ्यांच्या तुकड्यांची माळ तिनं त्यांच्या डोक्यावर बसवली. म्हणाली, "माळ लांब होल तशी कावीळ उतरंल. सुई नाय, गोळी नाय."
संकेतराव वाटेत एवढंच बोलले, की अप्पा, तुम्ही म्हणता तर.

१३ डिसें.
माळ गळ्यात उतरली. देवापुढे बसलो. गुण येतोय.
विहीणबाई सुजाताला येताजाता ऐकवतात. "हिनं उंबरा ओलांडला आणि माझं पोरगं पिवळं पडलं." पायगुण. मी ऐकून घेतलं. मुलीच्या बापानं ऐकायचं असतं.

१५ डिसें.
माळ छातीपर्यंत. पण डोळे हळदीसारखे. दिवसभर झोप. सुजाताला ओळखलं नाही, बाई, तुम्ही कोण म्हणाले. जपात लक्ष नाही.

१६ डिसें.
पालघरला दवाखान्यात. नर्सनं आधी माळ कात्रीनं कापली. "काका, मुळ्या सुकल्या की दोरा सैल पडतो. माळ लांबणारच."
डॉक्टर म्हणाले, ही पाण्यातून, खाण्यातून येणारी कावीळ. बहुतेकांची आपोआप जाते, एखाद्याचं यकृत निकामी होतं. उशीर केलात. महिनाभरापूर्वी बाहेरचं काही घेतलं होतं का? विहीणबाई लगेच म्हणाल्या, तो बाहेरचं पाणी पीतच नाही. हिनंच काहीतरी चारलं असेल. सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.
मी औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर गेलो.

१७ डिसें.
डॉक्टरांना एकट्याला गाठून कुंडाचं सांगितलं. मला कसं काही झालं नाही, विचारलं. "तुम्ही खेड्यातले. लहानपणीच होऊन गेली असेल, कळलंही नसेल. यांना जाण्याआधी लस देता आली असती."
माझ्या पाच ओंजळी मला पचल्या. मी ती देवीची कृपा समजत होतो.
विहीणबाईंना अजून सांगितलेलं नाही. उद्या.

१८ डिसें.
जमलं नाही. त्या रडत होत्या.

१९ डिसें.
सुजाताची बॅग दवाखान्याच्या बाकावर आणून ठेवलेली. विहीणबाई म्हणाल्या, घेऊन जा तुमची मुलगी, तिची सावली नको त्याच्यावर.
मग बोललो. तीर्थ मी पाजलं, चारचौघांत लाजवून पाजलं, दवाखान्यात जाऊ दिलं नाही ते मीच. सगळं.
त्यांनी शांतपणे ऐकलं. "मुलीसाठी बाप काहीही बोलेल. खरं असतं तर त्या दिवशी डॉक्टरांसमोर नसतं बोललात?"
भावकीला विचारा, म्हटलं.
"तुमचीच भावकी."
सुजाता म्हणाली, "आई, अप्पा खरं सांगताहेत."
"तू तर तोंडच उघडू नकोस."
आम्ही दोघं बाकावर, मध्ये बॅग. संकेतराव काचेपलीकडे, नाकात नळी, शुद्ध नाही. आता सांगू शकतील तर तेच. ते शुद्धीवर यावेत म्हणून हात जोडले, डोळे मिटले. आणि लक्षात आलं, मी देवीकडे जावई मागत नाहीये, साक्षीदार मागतोय.
जोडलेले हात खाली घेतले.