वच्छीले आनाले कोन जाते

शेलूबाजार, ता. २८ जून १९३७

तीर्थस्वरूप सौ. रंगूअक्का यांचे चरणी धाकट्या भावजयीचा, प्रयागचा, शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुमी धाडलेलं लुगडं पोचलं. भासऱ्यांनी, तुमच्या दादानं, जाऊबाईच्या हाती देलं अन् सांगतलं का रंगूनं धाडलं. लय आनंद झाला. पन मले वर्साले एक लुगडं पुरते, तुमी काहून जीव काढता? जनानी दवाखान्यात उभं राहून कमावलेला पैसा तो.

माझी वच्छी अजून मालेगावलेच आहे, जाऊबाईच्या भावाकडं, पुंजाजीकडं. वच्छीचे बाबा गेले तवा भासरे म्हनले होते का खानारं एक तोंड कमी होईन, पोट्टीले वळनही लागन. पेरनी झाली का आनू म्हनले, मग वेचनी झाली का आनू म्हनले. आता चौथी पेरनी आली. आनखी एक आयकलं. पुंजाजीची बायको म्हनते का पोरीचं लगीन याच घरून लावून देऊ. आठवं लागलं वो लेकराले, अक्का! मले भासऱ्यासमोर तोंड उघडता येत नाई, आपल्या घरची चालच नाई तशी. तुमीच दादाले लिहून पाहा.

मोठ्यांच्या मायेवर जगते, ती असू द्यावी.
तुमची प्रयाग


अकोला, ता. ५ जुलै १९३७

चि. प्रयागले रंगूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर तुझ्या नावाआधी गं. भा. लिहायची रीत आहे. पण हळदीच्या अंगानं माझ्या भावाच्या, शालिग्रामाच्या मागं उभी असलेली तू मले अजून दिसते, माझा हात काही तिकडं वळत नाही. डाकवाल्याले काय समजायचं ते समजू दे.

अन् बाप्पा, कोणतं लुगडं? मी लुगडं धाडलंच नाही! मी माघापासून दर महिन्याले मनिआर्डर धाडून राह्यली, तुझ्यासाठी अन् वच्छीसाठी. दादाच्या नावानं धाडली, कारण घरच्या कर्त्या माणसाले वगळून बाईच्या नावानं पैसा धाडणं बरं दिसत नाही असं मले वाटलं. अक्कल गहाण ठेवली होती माझी. दादा चोर नव्हे, हे मी कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगीन. पण त्याच्या हाती पैसा पडला का त्याले आधी वावर दिसते, मग बैल दिसतात, मग पावणे दिसतात. बाई दिसेपर्यंत एक लुगडंच उरते.

आता या महिन्यापासून मनिआर्डर तुझ्या नावानं येईल. चारचौघांत घे, लपूनछपून घेऊ नको. सही कर. चौथीपर्यंत शाळेत काय माशा माराले गेली होतीस? अक्षर तुझं कोंबडीनं उकिरडा उकरल्यावाणी आहे, पण डाकखान्यात चालते.

जीवाले जप अन् पत्र टाकत जा, नाहीतर ननंद कशी असते ते दाखवीन.
रंगू


शेलूबाजार, ता. १० ऑगस्ट १९३७

चि. सौ. रंगूस मारोतरावाचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, डाकवाल्याने पारावर उभे राहून आपल्या घरच्या बाईचे नाव पुकारले. रामराव पाटील तेथेच बसले होते. त्यांनी हसून विचारले की, भावाच्या बायकोले मारोतरावाच्या घरी भाकर मिळत नाही काय? मी खाली मान घालून घरी आलो. तुझे आधीचे पैसे मी खाल्ले नाहीत. एक बैल विकाले काढला होता, तो त्या पैशाने राहिला. त्याच बैलाच्या कष्टावर तिचीही भाकर आहे, हे तुले कळाले पाहिजे होते.

आणि तुझ्या भावजयीने काय केले ते ऐक. पैसे हाती पडले तशी सर्व्हिस मोटारीत बसून एकटी मालेगावले गेली. ऐन निंदणीत, तण उपटायच्या दिवसांत! त्यासाठी धाडतेस काय पैसे? आता तूच काय ते पाहा.

घरी सर्वांस रामराम सांगणे. रागावलो आहे, परंतु भाऊच आहे.
मारोतराव


अकोला, ता. १४ ऑगस्ट १९३७

चि. प्रयागले आशीर्वाद.

दादाचं पत्र आलं. मोटारीत बसली म्हणे! मी इथं तेल मोजून दिवा लावते अन् तू मोटारी उडवते? मी पैसा धाडला तो पोटासाठी, शेरडी-बकरी घ्यावी, दोन पैसे गाठीले बांधावे म्हणून. कुठं काय खर्चलं ते पै-पैशासकट लिहून धाड. यापुढं मले विचारल्याबिगर काही करू नको.

राग आहे तो मायेपोटीच आहे, समजून घे.
रंगू


शेलूबाजार, ता. २१ ऑगस्ट १९३७

तीर्थस्वरूप अक्कांचे चरणी प्रयागचा नमस्कार. वि. वि.

तुमी हिशेब मागतला, तो देते. मोटारीचं जाता-येताचं भाडं, एक लाकडी फनी, अन् पोरीसाठी गुळाची शेव. मोटारीनं काहून गेली म्हनसान, तर बैलांची बंडी काढाची असती तर भासऱ्याले मागा लागली असती, अन् ते म्हनले असते का वेचनी झाली का पाहू. मोटारवाल्यानं मले काईच इचारलं नाई. पैसे घेतले अन् बसवलं.

पुंजाजीच्या आंगनात एक पोट्टी भांडे घासून राह्यली होती, पाठमोरी. मी हाक मारली. तिनं वळून पाह्यलं, राखेचे हात धुतले, अन् आत जाऊन सांगतलं का कोनतरी बाई आली.

अक्का! मी तिथंच उंबऱ्यावर बसली. ती पुंजाजीच्या बायकोले आई म्हनते. त्या बाईचा दोष नाई, ती मारत नाई, उपाशी ठेवत नाई. पन माझी लेक आहे वो ती! दुपारभर माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं, मी उवा काढल्या, वेनी घातली.  मी निघाली तवा वच्छी दारापाशी येऊन म्हनली का तुमी पुन्हा येसान का? सोताच्या मायले तुमी म्हनली. मोटारीत मी तोंडावर पदर घेऊन शेलूबाजारापर्यंत रडली.

दुसऱ्या मनिआर्डरीतून ज्वारी घेतली, वेगळ्या कनगीत ठेवली. त्याच आठवड्यात मले ताप भरला, अन् मी निंदाले गेली नाई. हे गेल्यापासून पहिल्यांदा मी नाई म्हनलं. जाऊबाईनं उलट पेज करून देली. भाकर माझ्या ज्वारीची असली का मानसं कशी गोड बोलतात, हे मले आता समजलं.

हे तुमाले पटत नसन तर पैसा पुन्हा भासऱ्याच्या नावानं धाडा, मी रुसनार नाई. पन हुकूमच आयकाचा तर घरचा काय वाईट आहे? तो अकोल्याहून काहून मागवू?

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाला.
प्रयाग


अकोला, ता. २६ ऑगस्ट १९३७

चि. प्रयागले रंगूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं अन् कपड्यांच्या कोठीत जाऊन रडून घेतलं. पुन्हा पुन्हा वाचलं. मी दादाले नावं ठेवत होती, अन् शेवटी मीही त्याचीच बहीण निघाली. पैसा तुझा आहे. मोटार उडव नाहीतर उंट घे, मी विचारणार नाही.

पण पोरीचं राहू देणं नाही. दसऱ्याले रजा काढून येते अन् पारावर उभी राहून दादाशी अशी भांडते का रामराव पाटलाले पुन्हा हसायची इच्छा होणार नाही. तोवर धीर धर.

तुझ्यापेक्षा मोठी आहे, शहाणी नाही. तरी लळा ठेव.
रंगू


शेलूबाजार, ता. २० सप्टेंबर १९३७

तीर्थस्वरूप अक्कांचे चरणी प्रयागचा अन् चि. वच्छीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

भांडाले येऊ नका. नुसत्या या, पुरन खाले. वच्छी घरी आली.

पोळ्याच्या आदल्या रोजी भासरे ओसरीत जेवाले बसले होते. मी चुलीपाशी होती. जाऊबाईशीच बोलली, पन ओसरीत आयकू जाईन अशी. मी म्हनलं का पोट्टीच्या भाकरीची ज्वारी कनगीत आहे, त्याची फिकीर नाई. पन आपली लेक दुसऱ्याच्या घरून आनाची तर घरचा मानूस मुराळी जावा लागते. मी एकटी मोटारीत घालून आनीन, पन मग गाव म्हनन का बाप गेला तसा पोरीले काकाही नाई. बिनबापाच्या लेकीले आनाले कोन जाते, जाऊबाई, तुमीच सांगा.

मी तर भीतच होती. भासरे अर्ध्या पानावरून उठले, हात धुतले अन् बाहेर गेले. जाऊबाई मले म्हनल्या का बोलली तर बोलली, पन त्यायले जेवू तर द्याचं होतं.

पोळा झाला, अन् दुसऱ्या दिवशी तांबडं फुटाच्या आधी त्यायनं बैल जुपले. शिंगाचे बेगड तसेच, पाठीवर झुली तशाच. नवं धोतर अन् फेटा, जसे लग्नाच्या वऱ्हाडात चालले! मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सांजच्याले बंडी दारात आली. पोट्टी त्यायच्या फेट्यावर झोपली होती, अन् भासरे उघड्या डोक्यानं बंडी हाकत होते. जाऊबाईनं भाकरतुकडा ओवाळला. पुंजाजीले ते सांगून आले का लेक आमची, लगीन आमच्या दारात, अन् तेबी तिच्या मायले वाटन तवा. मले हे जाऊबाईनं सांगतलं. ते सोता तर मालेगावचा रस्ता खराब आहे, एवढंच म्हनले.

पन खरं सांगू अक्का, पोट्टी आली तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचं एक गाठोडं होतं, दोन परकर अन् एक चोळी. ते ती सोडेचना. रोज अंगावरचं धुवाची, वाळलं का पुन्हा गाठोड्यात बांधाची. झोपाची तर उशाले गाठोडं. मी एकदा हात लावला तर छातीशी धरलं. तिले वाटे का धाडतीनच परत. मी कितीही सांगतलं तरी काय, तिले लहानपनापासून पेरनी-वेचनीचेच वायदे आयकाची सवय.

काल डाकवाला आला. वच्छी माझ्या मागं उभी होती. मी सही केली, पैसे घेतले. तिनं हळूच इचारलं का हे कोनाचे? मी म्हनलं, आपल्या दोघींचे, तुझ्या आत्यानं धाडले. तिनं इचारलं का पुढच्या महिन्यातबी येतीन? मी म्हनलं, हो. अन् तवाबी मी इथंच राहीन का, म्हनली. मी म्हनलं, तवाबी, अन् त्याच्या पुढंबी.

ती घरात गेली. मी ज्वारी पाखडून आत आली तर गाठोडं सुटलेलं, अन् दांडीवर माझ्या लुगड्याच्या बाजूले तिचे दोन्ही परकर टाकलेले.

दिवा लावाची वेळ झाली, म्हनून पुरे करते. आमा दोघींवर असाच जीव असू द्या.
तुमची प्रयाग