मापाचं नख

॥ श्री ॥

आंजी (मोठी),
७ एप्रिल २०२५

चि. सौ. रक्षास, अ. उ. आ.

तू पाठवलेल्या कुरडया पोचल्या. एकही तुटली नाही. बांधणी माझ्याकडूनच शिकलीस ना! फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहून कळवतो. पत्रात कोणाले मधात तोंड घालता येत नाई.

भाऊजींची पुतणी अंकिता हिच्या लग्नात तू आपल्या पार्लरमध्ये नवरीला आणि तिच्या मैत्रिणींना नकली नखं बसवणार, हे आमच्या खुशीला कळलं. तेव्हापासून तिचं एकच टुमणं, मले पण पायजे. दहा वर्षांच्या पोरीला एरवी मी दटावलं असतं. पण गेल्या वर्षी सायकलच्या चेनमध्ये बोट सापडल्यापासून तिच्या उजव्या तर्जनीचं नख मधोमध चिरलेलंच उगवतं. पोर तो हात फ्रॉकच्या घडीत लपवते. बापाला पाहवत नाही.

तेव्हा दहा नकोत, तेवढं एकच बसव. तुझ्या डबीतली नखं बायकांच्या मापाची असणार, म्हणून मीच एक तयार केलं. जळालेल्या मोटारीत नवी तार भरताना खाली घालतो तो पारदर्शक कागद गरम करून वाकवला आणि बारीक कानशीने घासला. रुंदी साडेआठ मिलिमीटर. दर रविवारी तिचं नख मोजतो, त्यामुळे चूक संभवत नाही. नख पाकिटात आहे. गोंद फक्त तुझा.

भाऊजींना नमस्कार. तुझ्यासारखी बहीण हाताशी आहे, हे माझं भाग्य. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मधुकरदादा

—

सिंदी (रेल्वे),
१३ एप्रिल २०२५

तीर्थरूप दादास, सा. न. वि. वि.

पाकीट उघडलं आणि नख तळहातावर पडलं. तुझे भाऊजी म्हणाले, मधुकररावांनी माशाचं खवलं काऊन पाठवलं? आम्ही पोट धरून हसलो. पण दादा, काम देखणं आहे. मी ते कुंकवाच्या डबीत ठेवलंय. बसवणार मात्र नाही. तुझंही नाही आणि माझ्या डबीतलंही नाही.

नकली नख चिकटावं म्हणून आधी खरं नख वरून घासावं लागतं. लेकरांचं नख मुळात पातळ. वरून गोंद, काढताना पुन्हा औषधाचं पाणी. खेळता खेळता कुठं अडकलं, तर नकली एकटं निघत नाही, खऱ्यालाही सोबत नेतं. गेल्या दिवाळीनंतर जाम गावची एक बाई आठवीतल्या पोरीला घेऊन आली होती. नखं दुसरीकडे बसवलेली, काढायला माझ्याकडे. खाली कांद्याच्या पापुद्र्यासारखी नखं आणि बोटांच्या कडांना खाज. पोरगी रडत होती आणि आई मला विचारत होती की आता दुसरी बसवता येतील का.

अंकिता चोवीस वर्षांची आहे. तिचं ती ठरवते, आणि खाजलं तर तिचं तिला सांगता येतं. खुशीचं नख तर आधीच दुखावलेलं. तिच्या बोटावर मी कानस चालवू? मला हो म्हणणं सोपं होतं. लग्नघरात दादाचं मन मोडणं सोपं नाही.

शाळेला सुट्टी लागली की तिला इकडे पाठव. वहिनींना नमस्कार. रागावलास तरी जेवून रागव. जीव लावतोस तसाच लाव.

तुझी,
रक्षा

—

आंजी (मोठी),
१८ एप्रिल २०२५

चि. सौ. रक्षास, अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी कुठल्या शाळेत मोटार भरायला शिकलो नाही. जळालेली मोटार उघडायची, वेढे मोजायचे, वही न बघता पुन्हा भरायची, असा शिकलो. आज वर्ध्याहून लोक मोटार घेऊन येतात. तेव्हा साडेआठ मिलिमीटरचं काम मला जमत नाही, असं कोणी समजू नये. परक्या बायकांना तू दहा दहा नखं बसवतेस आणि भाचीच्या एका नखाला नियम काढतेस, याचं वाईट वाटलं.

तुझ्या वहिनीला, कुंताला, पत्र वाचून दाखवलं. तिने माझी बाजू घ्यावी ही अपेक्षा. ती भाकरी थापता थापता म्हणाली की पोरीच्या बोटाले बी तुम्ही मोटारच समजून राह्यले.

खुशीला माझ्या दुकानातला वैभव सोडून देईल. तो अनायासे सिंदीला येतोच आहे. तिला नकार तूच सांग, मला जमणार नाही. कुरडया चवीला चांगल्या होत्या, हे रागातही कबूल करतो. लोभाचं खातं बंद केलेलं नाही.

मधुकर

—

सिंदी (रेल्वे),
२ मे २०२५

तीर्थरूप दादास, सा. न. वि. वि.

खुशी मजेत आहे. सकाळी पार्लर झाडते, गिऱ्हाइकांना पाणी देते, दुपारी गल्लीत लंगडी खेळते. मी आठ दिवस तिचा हात बघत होते. दादा, ती लपवत नाही. परवा गिऱ्हाईक म्हणून आलेल्या कमलाबाईंनी विचारलं, बाई हे काय झालं? तर चटकन बोट पुढे करून सायकलची पूर्ण गोष्ट सांगितली, वर दोन गोष्टी पदरच्या घातल्या.

काल तुझा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मात्र हात गेला फ्रॉकच्या घडीत. फोन ठेवल्यावर तिला जवळ घेतलं आणि विचारलं. ती म्हणाली, मले काई नाई होत आत्या, मैतरणी तर कवाच्याच इसरल्या. पण बाबा पाह्यतात ना, तं चूपच होऊन जातात. मग पट्टी घेऊन मोजतात. नवं नख लावलं तर मोजणार नाईत.

मी नकार द्यायचा म्हणून तयारी करून बसले होते, दादा. ती गरजच उरली नाही.

नख तिला नको होतं. तुझ्यासाठी हवं होतं तिला.

दारच्या मेंदीचा पाला वाटून लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या साऱ्या पोरींच्या बोटांना आजी घालायची तशा टोप्या घालणार आहे. बाजारचा कोन नाही. खुशी म्हणते, दहाही बोटं भरजो. तू लवकर ये. हे तुला लागेल, पण तूच शिकवलंस की जिथं तार जळाली तिथंच बघावं. ओलावा राहू दे.

तुझी,
रक्षा

—

आंजी (मोठी),
१९ मे २०२५

चि. सौ. रक्षास, अ. उ. आ.

अंकिताचं लग्न निर्विघ्न पार पडलं. वांग्याची भाजी उत्तम, मठ्ठ्यात मीठ थोडं जास्त. नवरीची नखं मांडवात शोभली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी दुकान उघडलं नाही. मी पाहतो ते लेकराच्या दुखण्याकडे, असं मला वाटे. ती पाहत होती माझ्या तोंडाकडे. मोटारीत एक वेढा चुकला तर मला आवाजावरून कळतं, आणि घरातलं हे वर्षभर कळलं नाही.

मांडवात शिरलो तेव्हा ठरवून आलो होतो की हाताकडे बघायचंच नाही. तर खुशी धावत आली आणि तेच बोट माझ्या नाकासमोर धरून विचारती झाली, बाबा, रंग कसा चढला? चिरेत मेंदी सगळ्यांत गडद बसली होती. मी सांगितलं, एक नंबर. ती माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली. मग निघून गेली पोरींत.

दुसऱ्या दिवशी तुमच्या घरून स्टेशनला चालत निघालो. खुशी नेहमी माझ्या उजव्या हाताला चालते. ती तिची आवड, असं मी धरून चाललो होतो. तसं चाललं की तिचा डावा हात माझ्या हातात येतो. फाटकापाशी ती मागून फिरून माझ्या डाव्या बाजूला आली आणि उजवा हात माझ्या हातात दिला. गाडी येईपर्यंत सोडला नाही. मीही बोटांनी काही चाचपलं नाही.

रक्षा, तू नाही म्हणालीस, म्हणून हा हात मला मिळाला. याहून मोठा आहेर तुझ्या घरून मी कधी आणला नाही. पुढेही चुकलो तर अशीच आडवी ये. धाकटी असलीस तरी आज नमस्कार माझा घे.

तुझा,
मधुकरदादा