चीक आधी वर न्या

१८ जून, बुधवार

आला! सासूबाईंचा व्हिजा आला! (यापुढे नुसतं सा. बा., पूर्ण लिहून हात दुखतो.) केतकीने एवढं पोट घेऊन सोफ्यावर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. बाळंतपणाला आई नाही आली तर मी दुबई सोडून मिरजेला निघून जाईन, ही धमकी महिनाभर ऐकत होतो. सुटलो! ओजस "आजी इज कमिंग" करत घरभर पळाला आणि फ्रीजवर आपटला. रडला नाही. चार वर्षांच्या मानाने पोरगं दणकट आहे.

ऑफिसात फैजलला सांगितलं. (दापोलीचा, माझ्या शेजारच्या टेबलावर. हमरियाच्या ऑफिसला जायला आम्ही आलटून पालटून गाडी काढतो.) म्हणाला, "मज्जा आहे बाबा तुझी. आता दोन महिने तुला कांदा पण चिरायला लागणार नाही."

२० जून, शुक्रवार

फोनवर महायुद्ध. मी ओरडतोय, "आई, खसखस आणू नका! इथे बंदी आहे. सरळ आत टाकतात!" सा. बा. शांत. "अहो मंदारराव, खसखशीशिवाय डिंकाचा लाडू? तो काय लाडू झाला?" शेवटी केतकीने पोटातल्या बाळाची शपथ घातली तेव्हा ऐकलं.

मग दुसरा बॉम्ब. शेजारच्यांची म्हैस व्यालीय, तिचा चीक गोठवून आणणार. लेकीला खरवस पाहिजे ना! थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात, चार बाटल्या. मिरजेहून थेट दुबईत, आमच्या अल कुसैसला चीक! धन्य ती बाई. खरवस खाऊन किती वर्षं झाली मला.

२१ जून, शनिवार. सकाळ

एअरपोर्टला निघतोय. ओजस उठल्यापासून बूट घालून बसलाय. केतकी तिसऱ्यांदा विचारते, गाडीत पाणी ठेवलंस का. ठेवलंय गं बाई. यल्ला, चला!

२२ जून, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो. एकदाच, सगळं.

एअरपोर्टवर जत्रा. सा. बा. बाहेर आल्या त्या विजयी मुद्रेने. कस्टमवाल्याने बॅग उघडली, लाडू हुंगला, "हलवा?" म्हणाला. ह्यांनी त्याला खा म्हणून आग्रह केला म्हणे! ओजसने आजीचा जो हात धरला तो सोडला नाही. गाडीत मागे आजी, शेजारी तो त्याच्या सीटवर. केतकी पुढे. सगळे एकदम बोलत होतो. मधेच तो झोपला असणार. मला माहीत नाही. माझ्या बरोब्बर मागे होता तो, दिसत नव्हता.

बिल्डिंगखाली गाडी थांबवली तर थर्माकोलच्या खोक्यातून पाणी गळतंय. सा. बा. किंचाळल्या, "चीक आधी वर न्या! नासेल!" केतकी, "मंदार, पळ, पळ!" मी खोकं वॉचमनच्या हातात दिलं, तो लिफ्टकडे, त्या दोघी त्याच्या मागे. मी बॅगा उतरवल्या. मागचं एक दार उघडंच होतं. मी समजलो ओजस आजीबरोबर गेला. बघितलं नाही. दार लोटलं आणि गाडी मागच्या रेतीच्या पार्किंगमध्ये लावली. उन्हात. सावली मिळतेय कुठे इथे.

केतकी काय समजली? झोपलेल्या ओजसला नेहमी मीच खांद्यावर आणतो. तिला आता वाकताही येत नाही. सा. बा. समजल्या, आईबाप आहेत की दोघं.

वर काय आनंद! बॅगा उघडल्या, भडंग सगळ्या खोलीत सांडलं, मी बाळाची दुपटी डोक्याला बांधून नाचून दाखवत होतो. नाचत होतो मी. तेवढ्यात सा. बा. हातात लाकडी बैलगाडी घेऊन म्हणाल्या, "अगं, कुठंय माझा राजा? झोपवलंत होय त्याला?"

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

लिफ्ट वर अडकलेली. जिन्याने उतरलो, पायात चप्पल नाही. देवा देवा देवा एवढंच तोंडात. दार उघडलं तर भट्टीसारखी वाफ अंगावर आली. ओजस लालबुंद, केस चिकटलेले, शर्ट पिळून निघेल असा. डोळे अर्धे उघडे. हाक मारली तर "बाबा" म्हणाला, पण अगदी हळू. इतकं हळू तो कधी बोलत नाही.

शेजारच्या गल्लीतल्या क्लिनिकमध्ये नेलं, पोहोचताच उलटी केली. थंड पट्ट्या, सलाइन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वेळ होता गाडीत? मी म्हटलं, "टू मिनिट्स, थ्री." मागे सा. बा. येऊन उभ्या होत्या. मराठीतच बोलल्या, "खोटं सांगू नका मंदारराव. चीक फ्रीजरला लावला. हातपाय धुतले. चहा टाकला, प्यायलो. दोन बॅगा उघडल्या. तेवढा वेळ सांगा त्यांना." मी सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, मला हे कळवावं लागेल, तुम्हाला फोन येईल.

पोरगं वाचलं. डोळे नीट उघडले, ज्यूस मागितला. मी हसत सुटलो, मग रडत. त्याने विचारलं, "बाबा, व्हाय यू टूक द मिल्क?"

लाज वाटते. दुधाला ऊन लागू नये म्हणून पळालो मी.

केतकी अजून ओरडलेली नाही. ओरडली असती तर बरं. एकदाच म्हणाली, "अरे, दुसरं येतंय आपलं."

२३ जून, सोमवार

हमरियाला जाताना फैजलला सांगितलं. वाटलं शिव्या घालेल. नाही घातल्या. मग म्हणाला, "आपण तर रोज एसी चालू ठेवून पोरांना सोडतो यार. ग्रोसरीत जातो, खबूस रोटी घेतो, आलोच म्हणतो." आणि गाडी बाजूला घेऊन आधी बायकोला फोन लावला. "शबाना, मुलं कुठायत? तुझ्याजवळ? नाय, बघ. बघून सांग."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तो फोन अजून आला नाही. मोबाईल वाजला की आधी नंबर बघतो.

सा. बा. खरवस करायला तयार नाहीत. बाटल्या फ्रीजरमध्ये पडून आहेत.

२८ जून, शनिवार

हॉर्नची शाळा! सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, पार्किंगमध्ये. ओजसने बेल्ट स्वतः सोडायचा, दोन सीटमधून पुढे यायचं, हॉर्नवर बसायचं. बसायचंच, चक्क! पहिल्यांदा वाजवला आणि दचकून माझ्या गळ्यात पडला. मग काय, थांबेना. पॉं पॉं पॉं! वॉचमन धावत आला, "क्या हुआ साब?" एक अरबी काका गाडीची काच खाली करून "खलास, हबीबी, खलास!" (म्हणजे बास कर बाबा.) ओजसने त्यांनाही एक हॉर्न दिला. सा. बा. म्हणाल्या मलाही वाजवू द्या, आणि साडी सावरत स्टिअरिंगसमोर बसून दणकून वाजवला. केतकी बाल्कनीतून बघत होती. हसली! आठवड्यात पहिल्यांदा. मी खालून हात केला, तिनेही केला.

माझा दुसरा नियम: ऑफिसचं कार्ड मागच्या सीटवर, ओजसशेजारी. कार्डाशिवाय गेट उघडत नाही, म्हणजे मागे बघावंच लागणार. फैजलनेही सुरू केलं.

वर येताना लिफ्टमध्ये ओजस म्हणाला, "बाबा, इफ आय अ‍ॅम स्लीपिंग, हू विल प्रेस द हॉर्न?"



४ जुलै, शुक्रवार

हॉस्पिटलच्या बाकड्यावरून, मोबाईलवर. आलं! म्हणजे येतंय! डॉक्टर म्हणतात आजच! तारखेच्या आधीच, सा. बां.च्या लाडवांची करामत. आणि आम्ही निघालो तेव्हा कढईत डाळ तशीच, गॅस बंद केला की नाही यावर दोघी मायलेकी रस्ताभर भांडत. कळा सुरू, आणि भांडण चालू!

ओजस मागे आजीजवळ. घरापासून जो बोलायला लागला तो थांबेना. "रेड कार. बस. बाबा, बस. बाबा, मेट्रो. आय अ‍ॅम हिअर, बाबा." केतकी कळांच्या मधे हसत होती. "काय रेडिओ लावलायस आज?" दुपारची झोप राहिलेली, डोळे मिटत होते त्याचे. सा. बा. म्हणाल्या, "झोप की जरा, राजा. मांडीवर डोकं ठेव."

"नो आजी. इफ आय स्लीप, आय बिकम क्वाएट."

सा. बां.ना कळलं नाही. "काय म्हणतोय हो?"

"झोप येत नाही म्हणतोय," मी म्हटलं.

केतकीला कळलं होतं. तिने पोट धरून हात मागे नेला आणि उतरेपर्यंत त्याचा पाय सोडला नाही.

केतकी आत आहे. नर्स सांगून गेली, तयार राहा, बोलावते. आत एकालाच सोडतात. मुलगी झाली तर नाव तयार आहे, मुलगा झाला तर भांडण. ओजस माझ्या मांडीवर. डोळे मिटले की दचकून उघडतो आणि परत सुरू करतो. "चेअर. लाइट. बाबा." माझी कॉलर मुठीत. सा. बा. समोर हात पसरून उभ्या आहेत, द्या इकडे म्हणून. बोलावलं की याला ठेवून जावं लागणार. एरवी जाताना म्हणतो तेच म्हणायचं आहे, आलोच. तेवढं म्हणायला तोंड उघडत नाहीये.