गंगाखेडला पोचलेला समुद्री मासा

मंगळवार, परभणी

पुतणीच्या नकाशावर आज गंगाखेड लाल झालं. बाहेरून आलेला खादाड समुद्री मासा पुढं कुठं पसरेल, हे ती कॉम्प्युटरला विचारायलीय. मी म्हणालो, "लय हुशार मासा. उसाच्या ट्रकमधून आला का?"

"काका, पाण्याची उष्णता दिली, खारटपणा द्यायचा राहिला."

तिनं दिला. गंगाखेडची गोदावरी लाल रंगातून सुटली, पण मालवणजवळचा लाल पट्टा तसाच. तिथं हा मासा अजून कुणी पाहिलेला नाही. पट्टा पुसला नाही तर प्रबंधावर सही नाही, असं तिच्या सरांनी बजावलंय. हाही घोळच असेल? मीठ घालूनही टिकला म्हणजे नसावा.

"मग पुसतीस?"

"न्हाई. मासा दिसल्यावर तर तुमीसुद्धा सांगाल, काका."

उद्या ती सरांकडं जाणार. काळजी सरांचीच वाटते.