एका दिवसाचा मासेमंत्री

नुकुनोनू,
मंगळवार (बोट वेळेवर आली तर, नाहीतर जो वार उजाडेल तो)

तीर्थरूप लिताताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे खाऊनपिऊन सुखी आहोत. तिकडे न्यूझीलंडात, पोरिरुआत, तुम्हीही सगळे तसेच असाल असं धरून चालतो, कारण तुझं पत्र निघालं तेव्हा इथे नीरफणस धरायला लागले होते आणि ते हातात पडलं तेव्हा आम्ही फणस खाऊन कंटाळलो होतो. तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत ते वाजतात असं लिहिलं होतंस. सुलिया म्हणते, खोबरेल कोमट करून चोळा. मी म्हटलं, इथून खोबरेल पाठवलं तर ते पोचेपर्यंत गुडघे आपोआप बरे होतील. तरी तिने दोन बाटल्या भरल्याच आहेत. भाऊजींना आमचा नमस्कार. त्यांचं पोट कमी झालं असेल तर आनंद आहे, नसेल तर त्याहून आनंद आहे. पोट असलेला माणूस घरात शोभतो.

आता मूळ गोष्ट. गेल्या बोटीने वेलिंग्टनहून एक थॉर्बर्नबाई आल्या. साठीच्या पुढच्या, डोक्यावर मोठी टोपी, काखेत त्याहून मोठी वही. तिकडच्या शाळांतल्या मुलांसाठी त्या आपल्या बेटांवर पुस्तक लिहितायत. त्याचे तीन भाग: भूगोल, लोक आणि राज्यकारभार. (मी विचारलं, मासे कुठल्या भागात? म्हणाल्या, भूगोलात. पाहुण्यांशी पहिल्या दिवशी भांडू नये.) बोट नेहमीसारखी बाहेर थांबली, पडाव खडकांच्या खिंडीतून आत आला, आणि बाई उतरत असतानाच लाट आली, त्यामुळे भूगोलाची सुरुवात त्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून केली. वही मात्र डोक्यावर धरलेली. वर आल्या त्या हसतच. मला त्या तिथेच आवडल्या.

इंग्रजी येणारा माणूस म्हणून वडीलधाऱ्यांच्या सभेने त्यांना माझ्याकडे सोपवलं. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे. तुझ्याकडे राहून बिस्किटांच्या कारखान्यात दोन वर्षांत जे कानावर पडलं ते. 'लवकर हात चालवा' आणि 'हा डबा फुटका आहे' ही वाक्यं मला अस्खलित येतात, बाकीची मी अंदाजाने जुळवतो. तर पहिल्याच जेवणाला बाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, मासे बघतो. म्हणजे जाळी बघतो, होडी बघतो, आणि आलेच तर मासे बघतो. बाईंनी वहीत लिहिता लिहिता विचारलं, 'म्हणजे मासे खात्याचे मंत्री?' ताई, तिथे 'नाही' म्हणायला हवं होतं. पण तोंडात घास होता, आणि तो गिळेपर्यंत बाई पावसाळ्यावर गेल्या होत्या. खोटं मी बोललो नाही. खरं बोलायला उशीर केला, एवढंच. सुलिया समोर बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो. ती म्हणाली, 'काय कबूल केलंत आता?'

दुसऱ्या दिवशी भूगोल. बेटावरची सगळ्यात उंच जागा कुठली, असं बाईंनी विचारलं. हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता, कारण इथे सगळीकडून सगळं दिसतंच. मी म्हटलं, आमच्या घरामागे. तेवढ्यात आपला चुलतभाऊ पेटेलो (जो बोलावलं की कधी येत नाही) तिथून चालला होता. तो म्हणाला, आमच्या डुकरांच्या आवारामागे. बाईंकडे तिपाईवर बसवायची दुर्बीण होती आणि आकडे रंगवलेली लांब पट्टी. भर दुपारी पट्टी धरून आम्ही दोघे गावभर हिंडलो. मागून अर्धं गाव. शेवटी पेटेलोची जागा वीतभराने वर निघाली. मी म्हटलं, ही वीत जमिनीची नाही, डुकरांची आहे; वीस वर्षं साठतेय. पेटेलो शांतपणे म्हणाला, 'आणि तुझ्या घरामागे काय आहे? जुनी टाकी फोडून टाकलीस तो ढिगाराच ना?' बाईंनी लिहिलं, 'सर्वोच्च स्थान सुमारे साडेचार मीटर. याबाबत घरच्यांत मतभेद.'

मग दोन दिवस 'लोक'. बाई घरोघर गेल्या आणि कोण कुणाचं कोण ते विचारून कागदावर रेघा ओढत सुटल्या. तिसऱ्या घरी कागदाला दुसरा कागद चिकटवावा लागला. पाचव्या घरी असं निघालं की मी स्वतःचाच एका बाजूने मामा लागतो. सुलिया त्यांना म्हणाली (भाषांतर माझं), 'बाई, ते जाळंच आहे. सोडवत बसू नका, फाटेल.'

राज्यकारभाराची सुरुवात बरी झाली. बाईंनी विचारलं, राजधानी कुठे? मी म्हटलं, यंदा फाकाओफो बेटावर. आणि नंतर? नंतर दुसऱ्या बेटावर, मग कधीतरी इकडे, वर्षावर्षाने फिरते. 'येते कशी?' मी म्हटलं, 'बोटीने.' बाई म्हणाल्या, 'मग उशीर होत असेल.' तेव्हापासून आमची चांगली गट्टी जमली. न्यूझीलंडचा आपल्यावर ताबा आहे म्हणजे नक्की काय, असंही त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ते तुम्हीच सांगा, तुम्ही तिकडून आलात. त्यांनी ते पान कोरं ठेवलं.

शुक्रवारी सभेने त्यांना भेटीला बोलावलं. दुभाषा मी. आत गेलो आणि पहिलं काय दिसलं, तर आतोनिओकाकांची रिकामी चटई. काका जाऊन चार महिने झाले, आपल्या घराण्याचं माणूस अजून तिथे बसलेलं नाही, हे तुला माहीत आहे आणि मला जास्तच माहीत आहे. (मंत्रिपदाचा घास मी इतका सावकाश का चावला, त्याचं कारण ती चटई. कबूल करतो.) बाई उठल्या, सगळ्यांचे आभार मानले, आणि शेवटी म्हणाल्या, 'विशेष आभार तुमचे मासेमंत्री श्री. फालानिको यांचे. एवढा मोठा माणूस, पण माझी पट्टीसुद्धा त्यांनी स्वतः धरली.' सगळे माझ्याकडे बघायला लागले, भाषांतरासाठी. मी म्हटलं, 'बाई म्हणतात, जेवण फार रुचकर होतं.'

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त कालोलोआजोबांनी डोळे उघडले. तूही त्यांना झोपलेलेच पाहिलं असशील. गेली दहा वर्षं सभेत ते झोपलेलेच असतात. पण तरुणपणी ते अकरा वर्षं मालवाहू बोटीवर होते, हे मी विसरलो होतो. ते म्हणाले, 'भाषांतरात थोडं सांडलं रे.' आणि मग एक शब्द इकडचा तिकडे न करता त्यांनी ते सगळं सांगितलं, पट्टीसकट. कुणी हसलं नाही, ताई. हसले असते तर बरं वाटलं असतं. आजोबांनी पुन्हा डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनी म्हणाले, 'मंत्री आहे तर खातं चालवू दे. आज होड्या आल्या की इनातीची वाटणी फालानिको करेल.'

होड्या आल्या त्या काठोकाठ भरून. असा कूपा मासा या वर्षात लागला नव्हता. किनाऱ्यावर सगळा ओतला, बायका टोपल्या घेऊन आल्या, आणि मी मध्ये उभा. लहानपणापासून आपण इनाती बघतोय. मला वाटायचं, त्यात काय, माणसं मोजायची, मासे मोजायचे, ढीग लावायचे. पण मासे सारखे नसतात. मोठा एक द्यावा की लहान दोन? ज्या घरी तान्हं आहे तिथे तान्ह्याचा वाटा पुरा धरायचा. पाहुणीचा धरायचा. मी ढीग लावत होतो आणि बायका मागे उभ्या राहून माझं कौतुक करत होत्या. 'मंत्रीसाहेब, त्या ढिगाला शेपट्याच जास्त दिसतायत.' 'असू दे गं, खातं नवीन आहे.' तरी शेवटी जमलं. ढीग उठले, टोपल्या भरल्या, वाळू रिकामी झाली. मला वाटलं, काकांची चटई आता काही फार लांब नाही.

तेवढ्यात पुलाच्या बाजूने हिनाआजी आली. तिचा भाचा बायकापोरांसह बेट सोडून आपियाला गेला, म्हणून त्याचं घर मी यादीतून काढलं होतं. आजी त्याच घरात राहायची. ती मात्र गेली नव्हती, पुलापलीकडच्या खोपीत राहायला लागली होती, आणि ते माझ्या डोक्यातच आलं नाही. तिने रिकाम्या वाळूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, 'मला उशीर झाला का रे?'

ताई, आपल्या बेटावर वादळं आली, माणसं गेली, पण इनातीत माणूस सुटल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. माझा स्वतःचा वाटा मी तिच्यापुढे धरला. तिने टोपली मागे घेतली. म्हणाली, 'तुझा कशाला? माझा असेल तो दे.'  मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने आपली टोपली खाली ठेवली आणि मासे परत वाळूवर ओतले. मग दुसरीने. घरी पोचलेल्या बायका परत आल्या. एकीने तर कापलेला मासा आणला, दोन्ही तुकडे नीट जोडून.  पुन्हा सगळा ढीग पडला आणि पुन्हा मी मध्ये उभा, पण आता एकच मासा तीनदा उचलून तीनदा खाली ठेवला. तेव्हा पेटेलो माझ्या मागे येऊन उभा राहिला. लोकांना वाटलं असेल, चिडवायला आला. तो माझ्या कानात, ओठ न हलवता, एकेक घर सांगत गेला: इथे सात, एक आजारी, मऊ मासा दे, इथे पाच होते, काल माहेरवाशीण आली, सहा, इथे म्हातारा चावू शकत नाही, लहान दे. सगळं गाव त्याच्या तोंडपाठ. हिनाआजीचा वाटा त्याने सगळ्यात आधी लावायला सांगितला.

सगळं उरकल्यावर मी थॉर्बर्नबाईंपाशी जाऊन खरं काय ते सांगितलं. म्हटलं, मी मंत्री नाही, कुणीच नाही. त्या म्हणाल्या, 'मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मंत्र्याला बायको इतकी रागावत नाही.' मग त्यांनी विचारलं, मासे परत आणायचा हुकूम कुणी काढला? मी म्हटलं, कुणीच नाही. त्यांनी वहीतून राज्यकारभाराची चार पानं फाडली आणि वाळूतच बसून नव्याने लिहायला घेतलं.

असं सगळं आहे. बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
फालानिको

ता. क. मागच्या पत्रात मी माझ्या गुणांविषयी अडीच पानं लिहिली होती आणि आपल्या घराण्यातर्फे सभेत बसायला माझं नाव तू थोरली म्हणून सुचवावंस, असं कळवलं होतं. ते पत्र कुणाला दाखवलं नसशील तर चुलीत घाल. दाखवलं असशील तर त्यांनाही घालायला सांग. सभेला पेटेलोचं नाव कळव. याच बोटीने उलटटपाली उत्तर पाठव. माझं मन फार दिवस एका जागी राहत नाही.

आणखी ता. क. पेटेलो आत्ता येऊन हे वाचून गेला. तो म्हणतो, मला नको, सभेत तासन्‌तास बसून पाय वाळतात, फालानिकोला काही काम नसतं, त्यालाच बसवा. हे तो नम्रपणाने म्हणतोय की मनापासून, ते कळत नाही. माझं तसं काही म्हणणं नाही. तू ठरवशील ते.

लितावन्सं, मी सुलिया. हे मासळी धुवायला गेलेत तेवढ्यात लिहिते. दोघांचंही मनावर घेऊ नका. काल सभेने आम्हा बायकांना विचारलं, तुमच्या मते कोण? आम्ही तुमचं नाव सांगितलं. कालोलोआजोबा डोळे उघडून म्हणाले, मग इतके दिवस कशाला विचारत बसलो? चटई झटकून उन्हात घातली आहे. हे दोघांना अजून सांगितलेलं नाही, दोन दिवस जरा एकमेकांशी गोड वागतायत ते वागू देत. आपियाहून बोट एकोणीस तारखेला सुटते. येताना थंडीचा कोट आणू नका. इथे तो ठेवायला जागा नाही, आणि परत लागायचाही नाही.