कायमचा पत्ता

१४ मार्च

प्रिय दादास,

टकळीचा नमस्कार. या नावाने मला हाक मारणारं आता कुणी नाही, म्हणून आधी तेच लिहिलं. मी बरी आहे. तूही बरा आहेस असं धरून चालते. एकोणीस वर्षांत तसं धरून चालायची सवय झाली आहे.

इकडे विशेष काही नाही. तुझी शाळेची पँट दरवर्षी लांब करून देणाऱ्या कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुकान मुलीच्या हाती दिलं. आपल्या दाराची कडी अजून वर उचलल्याशिवाय लागत नाही. बाबांच्या खोलीत मी माझी कपाटं ठेवली आहेत. बाबा गेल्याचं तुला कुणाकडून कळलं का, ते मला माहीत नाही.

पाकिटावरचा तुझा पत्ता मी कुठून पैदा केला, हे तू विचारशीलच.

मी करखात्यात आहे. साहेबीण वगैरे नाही. परदेशातून आलेली माहिती इथल्या माणसांशी जुळवून बघायची, एवढंच काम. दोन देशांत करार असतो, की एकाच कमाईवर माणसाला दोनदा कर पडू नये, आणि कुणी इथली कमाई तिथे दडवूही नये. त्यासाठी दोन्हीकडची करखाती एकमेकांना कळवत राहतात, की अमक्याचं खातं आमच्या बँकेत आहे, माणूस तुमचा दिसतो, बघून घ्या. मागच्या वर्षी जानेवारीत मी अशीच एक यादी जुळवत होते. त्यात तुझं नाव, तुझी जन्मतारीख, आणि कायमचा पत्ता म्हणून आपलं घर.

“या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही” म्हणून बाबांशी भांडून गेलास, आणि बँकेचा फॉर्म पुढे आला तेव्हा गल्ली, घर नंबर, वरचा मजला, सगळं बिनचूक लिहिलंस. त्या एका ओळीमुळे तिकडच्या बँकेने तुला इकडचा ठरवला. खाली पत्रव्यवहारासाठी तिकडचा पत्ता होता. तो मी एकदाच वाचला. विसरायचा प्रयत्न केला, जमला नाही.

मी तशीच उठून साहेबांकडे गेले. सख्खा भाऊ आहे, हे काम माझ्याकडे नको, म्हटलं. त्यांनी ते दुसऱ्या टेबलावर दिलं आणि म्हणाले, “बाई, करारातून आलेली माहिती कराच्याच कामाला. घरी एक शब्द नाही. आईलासुद्धा नाही.” साहेब भले आहेत, त्यांचं काही चुकलं नाही.

संध्याकाळी आईने नेहमीचंच विचारलं, “त्याचं काही कळलं का गं?” मी म्हटलं, “नाही.” इतकी वर्षं मी हे खरं सांगत होते. त्या दिवसापासून रोज खोटं सांगायला लागले.

मे महिन्यात तुझ्या नावाची नोटीस घरी आली. आमचं खातं कायमच्या पत्त्यावरच पाठवतं. मी ऑफिसात होते, आईने सही करून घेतली. मी आले तेव्हा ती पाकीट दोन्ही हातांत धरून दारातच उभी होती. “त्याची पत्रं घरी यायला लागली. यायचा विचार दिसतो.” फोडलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडू नये, हे आपल्याला तिनेच शिकवलं ना.

“शिक्का तुमच्या ऑफिसचा आहे. तुला ठाऊक असेल. आहे ना तो कुठेतरी?”

मी म्हटलं, “अगं, ही पाकिटं मशीन पाठवतं. जुन्या यादीत नाव राहिलं असेल. त्यात काही अर्थ नाही.”

तिने पाकिटावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “असू दे. नाव तर त्याचंच आहे.” पाकीट उशीखाली ठेवलं. त्यानंतर तिने मला तुझं कधीच विचारलं नाही.

दादा, तुझ्या बँकेचं, पैशाचं मला काही सांगायचं नव्हतं. त्याने घर पुसून टाकलेलं नाही, एवढं एक वाक्य तिच्या कानात घालायचं होतं. त्यात कुणाचा कर बुडणार होता?

आई नऊ फेब्रुवारीला गेली. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, हात वळला नाही. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. उशी उचलली तर पाकीट तिथेच होतं. हाताळून कडा मऊ झालेल्या, पण बंद.

ती होती तेव्हा मी नियम पाळला, आणि आता ती नसताना मोडते आहे. पत्र टाकलं की साहेबांना जाऊन सांगणार आहे. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. मला तुझा राग येतो, त्याहून माझा जास्त येतो.

ते पाकीट सोबत धाडत नाही. त्यातली मुदत केव्हाच संपली. तुझ्या नावाचं आहे, तुझ्या पत्त्यावर ठेवलं आहे, येऊन फोड.

करखात्यातली बाई म्हणून सांगते: राहतोस तिथलाच पत्ता लिहायला हवा, बँकेत जाऊन दुरुस्ती करून घे. बहीण म्हणून सांगते: आपलं घर खोडण्याआधी एकदा येऊन जा. बेल चालत नाही, हाक मार.

त्याच पत्त्यावर राहणारी,
तुझी टकळी